रॉकेलनं धुतलेली बाटली

आमच्या घरात साबण मागच्या न्हाणीघरात असायचा आणि रॉकेल पुढल्या छापखान्यात. मधला उंबरा ओलांडला की स्वच्छतेचा नियम बदलायचा. पुढच्या खोलीत अक्षरांचे खिळे, रूळ, शाईचा तवा, अप्पांचे हात, सगळं रॉकेलनं धुतलं जायचं. धुऊन झालेलं रॉकेल टाकून द्यायचं नाही. ते पत्र्याच्या डब्यात ओतायचं, शाईचा गाळ तळाला बसू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वरचं निवळलेलं पुन्हा वापरायचं. रेशनवर रॉकेल मिळेनासं झाल्यापासून तर अप्पा त्या डब्याला कुणाला हात लावू देत नसत.

कुंभकोणमला मेलकावेरीत आमचं घर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे आले आणि राहिले. भाषा त्यांनी घराबाहेर फारशी नेली नाही, म्हणून ती होती तशी राहिली. अप्पा लग्नपत्रिका छापून घर चालवत आणि पत्रकं छापून जगत. वाळू उपसणाऱ्यांच्या विरोधात, भातशेतीत तेलविहिरी खणणाऱ्यांच्या विरोधात, एका गावात दोन जातींच्या वस्त्यांच्या मध्ये घातलेल्या भिंतीच्या विरोधात. मी तमिळ अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. ‘निषेध’ हा शब्द मला ‘निसर्ग’च्या आधी आला. दुपारी छापून ठेवलेल्या गठ्ठ्यांवर मी झोपायचे आणि उठले की गालावर उलटी अक्षरं उमटलेली असायची. आई पदरानं पुसताना म्हणायची, “लेकीसही छापलंत काय?”

असल्या माणसाची एकादशी मात्र कधी चुकली नाही. देव मानता का, असं त्यांना विचारायची सोय नव्हती. आईचं म्हणणं, “सरकारास भीत नाहीत, विठोबास तेवढे भितात.” द्वादशीला सकाळी उपास सोडायचा तो आवळा आणि हादग्याच्या पाल्याची भाजी खाऊन, ही आमच्याकडची रीत. आणि हादगा यायचा आक्काकडून.

आक्का म्हणजे सुंदरपेरुमाळ कोयिलला जिचा पानमळा होता ती बाई. सगळेच तिला आक्का म्हणत, अप्पाही. आमच्याकडे नागवेली हादग्याच्या झाडांवर चढवतात. ओळीनं हादगा, त्याला बिलगलेली वेल, मधून पाण्याचे पाट, आणि आत शिरलं की भर दुपारीही पाठीला गारवा लागायचा. सकाळच्या गाडीनं ती पानांच्या कवळ्या घेऊन बाजाराला यायची, जाताजाता छापखान्याच्या पायरीवर टेकायची. अप्पांसाठी पानं आणि द्वादशी असेल तर हादग्याची जुडी. कधी पैसे घेतले नाहीत. “ऐया, तुम्ही माझ्या नातीची पत्रिका फुकट छापणार आहात,” म्हणायची. नात तेव्हा चौथीत होती.

एका सकाळी तिनं पानांच्या बरोबर एक वेल मुळासकट उपटून आणली. पानं पिवळी पडून कडेनं काळी झालेली. मळ्याच्या पाटातल्या पाण्यावर रंगीत तवंग आला होता आणि हात घातला तर बोटांना चिकट लागत होतं. त्या पाटाच्या बांधाखालून कंपनीची तेलवाहिनी जाते. विहिरीतून निघालेलं कच्चं तेल तिच्यातून वाहतं. आक्का आधी कंपनीच्या माणसांकडे गेली होती. इस्त्रीचे शर्ट घातलेले दोघं येऊन बघून गेले आणि म्हणाले, “तुझ्या डिझेल पंपाचं तेल असेल, पाट्टी.”

“पाट्टी म्हणाले मला, आजी,” आक्का म्हणाली. “तेलाचं सोडा, ते मी बघून घेईन. पण मी आजी दिसते का?”

अप्पा हसले नाहीत. त्यांनी अक्षरं जुळवायची स्टिक हातात घेतली आणि खिळे जुळवायला लागले. संध्याकाळपर्यंत पत्रक तयार होतं. त्याचं म्हणणं एका ओळीचं: हे तेल वाहिनीचंच आहे. खाली नेहमीप्रमाणे स्वतःचं नाव.

तालुक्याच्या अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंना बोलावलं. तेल वाहिनीचं निघालं तर कंपनीनं माती काढून द्यायची, नवी वेल लावून द्यायची, तोवर पाणी पुरवायचं. पंपाचं निघालं तर सार्वजनिक पाट नासवला म्हणून आक्काला नोटीस. मधलं काही नाही. अप्पांचं पत्रक टेबलावरच होतं. अधिकारी म्हणाला, “हे मत झालं. पुरावा आणा.”

तो पुरावा आणायचा रस्ता आमच्या घरात फक्त मला माहीत होता. मी तेव्हा महाराष्ट्रातल्या एका प्रयोगशाळेत शिकत होते आणि आमचं कामच ते होतं: तेल कुठलं हे ओळखायचं.

कच्चं तेल म्हणजे फार पूर्वी मेलेली शेवाळं, जिवाणू, पानं. गाळात दबून, तापून त्यांचं तेल झालं. त्या जिवांमधलं बहुतेक सगळं मोडून गेलं, पण काही रेणूंचा सांगाडा टिकला. जिवाणूंच्या भिंतीतला एक, शेवाळातला एक, फुलझाडांच्या रसातला एक. ज्या गाळात जे जीव मेले, त्यांचेच सांगाडे त्या तेलात, त्याच प्रमाणात. यंत्र ते एकेक वेगळे करतं आणि कागदावर शिखरं काढतं, कुठं उंच, कुठं बुटकी. दोन तेलांची शिखरं जुळली तर उगम एक.

हे मी अप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हें मज ठाऊक आहे.” आणि त्यांना खरंच ठाऊक होतं. मी लहान असताना एकदा पोलीस आमच्याकडे एक बिननावाचं पत्रक घेऊन आले होते. दुसऱ्या हातात आम्ही छापलेली लग्नपत्रिका. ‘तमिळ’ या नावातलं शेवटचं अक्षर असतं ना, त्याची शेपटी आमच्या खिळ्यात तुटलेली होती. दोन्ही कागदांवर तीच तुटकी शेपटी. अप्पांनी लगेच कबूल केलं आणि पुढच्या पत्रकापासून नाव घालायला सुरुवात केली. “प्रत्येक छापखान्याची एक तुटकी शेपटी असते,” ते फोनवर म्हणाले. “तशी तेलास असेल. असावीच.”

मी त्यांना सांगितलं, प्लास्टिक नको, काचेची बाटली घ्या. झाकणाला आतून चांदीचा कागद लावा. साबण लावू नका, साबण काचेला राहतो. बाटली अगदी स्वच्छ हवी.

“स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?”

“तुमच्या खिळ्यांसारखी,” मी म्हणाले. मला कौतुक करायचं होतं.

त्यांनी आक्काच्या पाटावर जाऊन तवंग भरून घेतला. बरं झालं म्हणायचं, कारण त्यानंतर वरून पाणी सुटलं, पाट भरभरून वाहिला आणि सरकारी माणसं नमुना घ्यायला आली तेव्हा पाणी आरशासारखं होतं. त्यांच्या बाटलीत काही निघालं नाही. जे होतं ते अप्पांच्या बाटलीत.

कुरियरवाले तेल घेत नाहीत. म्हणून अप्पा स्वतः गाडीत बसले. बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर, रात्रीसुद्धा. प्रयोगशाळेत आले तेव्हा धोतर चुरगळलेलं, टॉवेल मात्र तसाच. प्रयोगशाळा चालवणाऱ्या माझ्या मॅडमना त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, “ही ठेव तुम्हांपाशी देतों. हिजवरी एका बाईचा मळा आहे.”

मॅडमनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. मग मला म्हणाल्या, “अगं, हे तर तुझ्याहून जुने आहेत.” माझ्या बोलण्याला तिथं सगळे बखर म्हणायचे. मॅडमचा आवडता विनोद असा की मला यंत्रात घातलं तर तीनशे वर्षांपूर्वीचा सातारा निघेल. अप्पांना तो विनोद समजावून सांगावा लागला. समजल्यावर ते खूश झाले आणि परत जाताना स्टेशनवर दोनदा म्हणाले, “घाला एकदा यंत्रात. बघूं काय निघते.”

घरचा नमुना म्हणून मी त्याला हात लावायचा नाही, असं मॅडमनी ठरवलं होतं आणि ते योग्यच होतं. दुसऱ्या एका मुलानं झाकण उघडलं. मी दाराशी उभी होते. आधी रॉकेलचा अगदी पुसट वास आला. त्याच्या मागून जवसासारखा, जड, काळा वास. मला आमच्या पुढल्या खोलीतली फरशी आठवली, पत्रकांचा गठ्ठा आठवला, गाल आठवला.

“मॅडम,” मी म्हणाले, “हा आमच्या छापखान्याचा वास आहे.”

“वासावर आपण काही लिहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “यंत्र काय म्हणतं ते बघू.” मग थोड्या वेळानं, “घरी फोन कर.”

मी फोन केला. बाटली कशानं धुतली, असं विचारलं.

“साबण नाही लावला,” अप्पा अभिमानानं म्हणाले. “तूं बोललीस ना. रॉकेलानं धुतली. डब्यातलं वरचं, अगदी निवळ. मग उन्हांत उपडी घातली, दोन प्रहर. काचेत तोंड दिसत होतें, पाप्पा.” पाप्पा म्हणजे बाळ.

मी कागदावर ‘रॉकेल’ असं लिहिलं.

“कां गे?”

मागून आईचा आवाज आला, “काय म्हणते? निघालं काय?”

“ऐकूं येत नाही,” अप्पा तिला म्हणाले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, कारण मी काही बोललेच नव्हते.

छापणाऱ्या माणसाच्या हिशोबानं त्यांनी काहीच चूक केली नव्हती. रॉकेल उडून जातं, हे खरं. आणि रॉकेल हलकं असल्यामुळे त्यात ते जड सांगाडे जवळजवळ नसतात, हेही खरं. पण छपाईच्या काळ्या शाईत खनिज तेल असतं. ते डब्यातल्या निवळलेल्या रॉकेलात विरघळून होतं. रॉकेल उन्हात उडालं आणि शाईचं तेल काचेवर राहिलं, इतकं पातळ की डोळ्यांना दिसू नये, इतकं पुरेसं की यंत्राला दिसावं.

खात्रीसाठी मॅडमनी डब्यातलं रॉकेल मागवलं. एका ओळखीच्या विद्यार्थ्याबरोबर ते आलं. बाटलीचा आणि डब्याचा, असे दोन कागद एकावर एक धरून आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो. शिखरावर शिखर बसत होतं. तेलाचा उगम सापडला होता. तो मेलकावेरीत, आमच्या पुढल्या खोलीत होता.

एकच जागा तशी नव्हती. वाहिनीतल्या तेलात फुलझाडांची ती खूण चांगली उंच होती, प्रयोगशाळेकडे त्याचा जुना नमुना होता. शाईच्या तेलात ती खूण अजिबात नव्हती. आणि बाटलीच्या कागदावर, नेमकी तिच्या जागी, एक लहानसं टेंगूळ होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

“दिसतंय मला,” मॅडम म्हणाल्या. “पण एवढ्या उंचीच्या खुणा यंत्र स्वतःहूनही काढतं. यावर मी सही करणार नाही. वाहिनीचं आहे असं म्हणता येत नाही. नाही, असंही म्हणता येत नाही.” मग म्हणाल्या, “पाटाच्या तळाची माती आण. पाणी वाहून जातं, गाळ धरून ठेवतो. बाटल्या मी देते.”

मी बाटल्या घेऊन घरी गेले. दुसऱ्या सकाळी सुंदरपेरुमाळ कोयिलला उतरून मळ्याकडे चालत गेले. आक्का बांधावर उभी होती. पाटाचा गाळ उपसून ट्रॅक्टरनं नेला होता, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि दोन्ही काठांना आणि तळाला नवंकोरं सिमेंट होतं. शेतकऱ्यांची किती वर्षांची मागणी होती ती. नेमकी तेव्हा मान्य झाली. यावर मी एक अख्खं पत्रक लिहू शकते, आणि लिहिलंही, पण कोणी हे मुद्दाम केलं असं दाखवणारा कागद माझ्याकडे नाही, म्हणून ते छापलं नाही.

“सिमेंट नेतेस का बाटलीत?” आक्का म्हणाली.

मग मळ्यातली माती घेतली. ती कित्येक वर्षं पंपाचं तेल प्यालेली. त्यातून काय वेगळं काढणार? मॅडमनी प्रयत्न केला. निघालं नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन मी घरी आले त्या आठवड्यात आमच्या चळवळीतला एक तोळर घरी आला. तोळर म्हणजे साथी. हा वकिली शिकलेला, माझ्याच वयाचा, हुशार. अहवाल त्यानं नीट वाचला आणि एका वाक्याखाली नखानं रेघ ओढली. पाण्यात खनिज तेलाचा अंश आढळला, असं ते वाक्य होतं.

“हे खरं आहे ना?” तो म्हणाला. “एवढंच छापू. बाटली, रॉकेल, ते तुमच्या घरातलं. त्यांनी कधी आपल्याला पूर्ण खरं सांगितलंय?”

मला ते पटत होतं. खोटं कशाला बोलू, मनातून मी केव्हाच ते पत्रक जुळवलं होतं, मथळ्यासकट. मला राग होता आणि रागाला अर्धं वाक्यही पुरतं.

अप्पा शाईचा तवा पुसत होते. “तम्बी,” धाकट्या भावाला म्हणावं तसं ते त्याला तमिळमध्ये म्हणाले, “पोलीस तुटकी शेपटी घेऊन आले होते तेव्हा मी हो म्हणालो. ही आमचीच शेपटी आहे. कंपनीच्या माणसानं दाखवण्याआधी मी दाखवतो.”

“आणि आक्का?” मी मराठीत विचारलं.

त्यांनी हातातला बोळा खाली ठेवला. “तिजकडे मी जाऊन येतों,” म्हणाले.

पण आधी त्यांनी पत्रक छापलं. त्यांची सवयच ती, तोंडानं सांगायचं ते आधी खिळ्यांत जुळवून बघायचं. त्यात लिहिलं होतं की मागच्या पत्रकातलं म्हणणं सिद्ध करता आलं नाही, नमुना माझ्या हातून बिघडला, दोष आक्काचा नाही, चळवळीचा नाही, माझा आहे. खाली अप्पांचं नाव. मी आयुष्यात पहिल्यांदा ‘निषेध’ हा शब्द नसलेल्या आमच्या पत्रकाची घडी घातली.

ते मळ्यात गेले तेव्हा मी बरोबर होते. आक्कानं ओले हात लुगड्याला पुसले आणि पत्रक सगळं वाचलं, ओठ हलवत.

“सगळं लिहिलंय,” ती म्हणाली. “तुमची चूक लिहिलीय. तुमचं नाव लिहिलंय. माझी वेल कशानं मेली ते नाही लिहिलं.”

“तें मज ठाऊक नाही,” अप्पा मराठीतच म्हणून गेले. मग भानावर येऊन तमिळमध्ये पुन्हा म्हणाले.

“मला ठाऊक होतं,” आक्का म्हणाली. “तुम्हाला पण होतं. कागदावर आणता आलं नाही एवढंच. आता कागदावर असं आलंय की कुणालाच ठाऊक नाही.” तिनं पत्रकाची घडी घातली आणि परत दिली. तिला नोटीस आली ती त्याच महिन्यात. पंपाचं तेल असं त्यात सरळ लिहिलेलं नव्हतं, इतर कोणताही उगम सिद्ध न झाल्यामुळे, असं होतं.

वेली तिनं उपटून टाकल्या. हादग्याची झाडं तेवढी राहिली. ओळीनं, मोकळी, अंगावर काही न चढलेली. वरून ऊन थेट पाटात पडतं आता. सकाळच्या गाडीनं ती अजून येते. तिरुविडैमरुदूरला एका भांड्यांच्या दुकानात कामाला लागली आहे, म्हणून कुंभकोणमला उतरतच नाही, पुढे जाते. छापखान्याच्या पायरीवर जिथं ती टेकायची तिथं चुन्याचे डाग आहेत. अप्पा रोज पायरी धुतात, ते डाग घासत नाहीत.

मागच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा एकादशी आली. द्वादशीला सकाळी अप्पा आंघोळ करून स्टेशनवर गेले. मी मागोमाग गेले. गाडी थांबली. आक्का खिडकीशी बसली होती. अप्पा फलाटावरून म्हणाले, “आक्का, आज द्वादशी. हादगा देशील?” इतक्या वर्षांत त्यांना कधी मागावा लागला नव्हता.

आक्काचं तोंड कठीण नव्हतं. मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. ती दमलेली दिसत होती.

“नाही देत, ऐया,” ती म्हणाली. “मी घरी पण खात नाही. नातीला पण देत नाही. झाडाची मुळं त्याच पाण्यात आहेत. त्या पाण्यात काय आहे ते कुणाला माहीत नाही, असं तुम्हीच छापलंय.”

गाडी हलली. अप्पांनी हात जोडले, ती हो म्हणाल्यावर जोडले असते तसेच.

बाजारात दुसऱ्या बायका हादगा विकायला बसल्या होत्या. हिरवागार, पाणी मारलेला. अप्पा त्यांच्यासमोरून चालत आले आणि एकाही टोपलीपाशी थांबले नाहीत. घरी आईनं पान वाढून ठेवलं होतं. आवळा होता, भात होता, भाजीची जागा रिकामी. तिनं त्या जागेकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि भातावर तूप वाढलं. अप्पांनी आचमन करून आवळा तोंडात टाकला आणि रिकाम्या जागेला बोट न लावता पानावरचं बाकीचं जेवून उठले.